भूकंप, पाप आणि निर्मिक

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहार व नेपाळ येथे भूकंप होऊन १०,००० हून अधिक माणसे दगावली. मुंगेर शहर तर जमीनदोस्त झाले. अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने दिलेला हा दंड होय, असे गांधीजींनी सांगितले. हेतु स्तुत्य खरा, पण हा न्याय कसला? भूकंपात स्पृश्याची माडी पडली तशी अस्पृश्याची झोपडीही पडली. ज्याच्यावर जुलूम झाला त्यालाच दंड! असा निवाडा गावचावडीवरही कोणी ऐकून घेणार नाही. शिवाय उद्या सनातनी म्हणेल, मंदिरप्रवेशाच्या चळवळीनेच देव कोपला. त्यास उत्तर काय?

रवींद्रनाथ टागोरांनी जाहीर हरकत घेतली, ती गांधीजींनी आपल्याच ‘हरिजन’ पत्रात छापली, हे त्यांस शोभलेच. हिंदुस्थानची भूमी उत्तरेकडे हिमालयाखाली रेटली जाते, ताण साठतो, खडक एकदम सरकतो. खडकास जात ठाऊक नसते.

मग ईश्वर मानूच नये काय? जोतीरावांनी तसे म्हटले नाही. १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’तील निर्मिक सर्व स्त्रीपुरुषांस सारखे हक्क देतो आणि मध्ये दलाल मागत नाही. त्याच्याशी शास्त्राचे भांडण ते काय असणार? भांडण आहे ते देवाचा कोप दाखवून दक्षिणा उकळणारांशी. आणि त्यांनी निर्मिकास अद्याप आपल्या पंचांगात घेतलेले नाही.