काचपेटींतील मासा : पुष्ट कीं सुजलेला?

भंडारा हा तलावांचा जिल्हा. करडीसारख्या गांवीं तलावांतील मासा आपलें अन्न स्वतः शोधतो. घरांतील काचपेटींतल्या सोनेरी माशाचा जीव मात्र आपल्या चिमटीवर अवलंबून. एकत्र कुटुंबांत आजोबांपासून नातवंडांपर्यंत जो तो मायेनें दाणा टाकतो. उरलेला दाणा कुजून पाणी विषारी होतें, हें कोणाच्या ध्यानींमनीं नसतें.

मासा नुसता बाजूनें पाहून भागत नाहीं, वरूनहि पाहावा. अंग डोक्यापासून शेपटीकडे हळूहळू निमुळतें व्हावें. डोकें मोठें व पोट खपाटीस गेलेलें दिसल्यास मासा रोडावला असें समजावें. पोट फुगून खवले उभे राहिल्यास ती पुष्टि नव्हे, व्याधि होय. दोन मिनिटांत संपेल इतकाच दाणा घालावा. आणि तें काम घरांतील एकाच व्यक्तीकडे सोंपवावें, अशी आमची वाचकांस आग्रहाची सूचना आहे.