एकटीपुरती कॉफी



घरात दिवसाकाठी चहा किती वेळा होतो, याचा हिशेब आपण कुणीच ठेवत नाही. सकाळी सगळ्यांचा, मग कामाच्या बाईंचा, दुपारी कुणी आलं-गेलं तर त्यांचा, संध्याकाळी पुन्हा सगळ्यांचा. त्यात आपला वाटा कोणता? तर पातेल्यात उरलेला, दोनदा गरम केलेला! कॉफीचं तर विचारूच नका. आपल्याकडे कॉफी म्हणजे पाहुण्यांची. रात्री गप्पा रंगल्या की जायफळ लावून करायची. स्वतःसाठी एक कप करायचा म्हटलं की लगेच मनात येतं, ‘एकटीसाठी कुठे घाट घालायचा?’

पण घाट मुळीच नाही. फिल्टर नको, यंत्र तर नकोच. चहाचं लहान भांडं, त्यावर झाकणी आणि मलमलीचं स्वच्छ फडकं, एवढ्यावर उत्तम कॉफी होते.

आधी पुडीविषयी. पुष्कळशा पुड्यांत कॉफीबरोबर चिकोरी असते. चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजून दळलेलं मूळ. ती स्वस्त असते, रंग गडद देते, पण तिच्यात कॅफिन नसतं. ती असायला हरकत नाही, मात्र आपण पैसे कशाचे देतो ते कळायला हवं. कायद्याप्रमाणे अशा मिश्रणात कॉफी निदान 51 टक्के असावी लागते आणि प्रमाण वेष्टनावर छापावं लागतं. ते वाचूनच पुडी घ्या. सुटी पूड आणली असेल, तर काचेच्या पेल्यात थंड पाणी घेऊन त्यावर चमचाभर भुरभुरा. कॉफी थोडा वेळ वर तरंगते. चिकोरी मात्र तळाकडे जाते आणि पाण्यात तपकिरी रेघा सोडत जाते. (ही परीक्षा दळलेल्या पुडीची, पाण्यात विरघळणाऱ्या झटपट कॉफीची नव्हे.)

पूड एका वेळी 100 ग्रॅमच आणावी. जास्त आणली की सुवास उडतो. घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात, शेगडीपासून लांब ठेवावी.

आता प्रमाण. ज्या कपातून प्यायची, त्याच कपाने मोजा. पाऊण कप पाणी, पाव कपाहून थोडं जास्त दूध, चहाचे दोन सपाट चमचे पूड, साखर आवडीप्रमाणे. दोन सपाट चमचे म्हणजे सुमारे 5 ग्रॅम. म्हणजे 100 ग्रॅमच्या पुडीत 20 कप झाले. पुडीच्या किमतीला 20 ने भागा, त्यात घोटभर दूध आणि चमचाभर साखर धरा, आणि मग सांगा, ही चैन आहे का?

कृती अशी. पाणी उकळलं की गॅस बंद करा. अर्धा मिनिट थांबून पूड घाला, एकदा ढवळा आणि झाकण ठेवा. चार मिनिटं हात लावू नका. तेवढ्यात दुसऱ्या शेगडीवर दूध गरम करून घ्या. मग कॉफीवर चमचाभर गार पाणी शिंपडा, म्हणजे वरची पूड खाली बसते. फडकं ओलं करून पिळून घ्या आणि त्यातून हलक्या हाताने कपात गाळा. फडकं पिळू मात्र नका, कडवटपणा उतरतो. वरून दूध आणि साखर घाला. झाली कॉफी!

पूड घातल्यावर चहासारखी खळखळ उकळू नये. सुवास वाफेबरोबर निघून जातो आणि मागे उरतो तो कडूपणा. मग तो मारायला साखर वाढते, दूध वाढतं, आणि स्वस्तातली कॉफी महाग होऊन बसते.

जायफळ हवं असेल तर सहाणेवर दोनच वळसे उगाळून कपात घाला, त्याहून जास्त नको. जायफळाची कॉफी घेतली की झोप छान लागते, असं आपण ऐकत आलो. पण कॉफीतलं कॅफिन जायफळाने कमी होत नाही. ज्यांची झोप सावध आहे, त्यांनी संध्याकाळनंतर कॉफी घेऊ नये.

आणि आता सगळ्यांत महत्त्वाचं. आमच्या शाळेतल्या मधल्या सुट्टीत मी नेहमी पाहते, डबा तसाच राहतो आणि कपावर भागतं. घरीही तेच. ‘ह्यांचं होऊ दे, मुलांचं होऊ दे’ म्हणत जेवण तीनवर जातं आणि मधली भूक चहा-कॉफीने मारली जाते. हे काही बरं नाही. जेवणाबरोबर घेतलेल्या चहा-कॉफीमुळे भाजी-भाकरीतलं लोह अंगी लागायला अडथळा येतो, आणि लोहाची कमतरता तर आपल्या बायकांत घरोघरी. म्हणून जेवण आणि कॉफी यांत निदान तासाभराचं अंतर ठेवा. आधी वेळेवर जेवा, कॉफी मागाहून. दिवस गेलेले असतील तर रोज किती घ्यावी हे डॉक्टरांना विचारून ठरवा.

उरलेला चोथा फेकू नका. वाळवून मूठभर कुंडीच्या मातीत मिसळा. लसूण सोलल्यावर हाताला चोळलात तर वासही कमी होतो.

दुपारी भांडी आवरली, मुलं यायला अर्धा तास आहे, अशी वेळ बघा. कप भरा आणि ओट्याशी उभ्या उभ्या नको, खुर्चीवर बसून, गरम आहे तोवर प्या. एवढ्यात दारावरची बेल वाजलीच, तर आलेल्या मैत्रिणीसाठी प्रमाण सोपं आहे: सगळं दुप्पट!