चित्र दिसले म्हणजे झाले काय?

हल्ली पुष्कळ शाळांत एखाद्या वर्गाच्या भिंतीवर मोठा टीव्ही टांगलेला असतो. शनिवारी मुलांना एखादा चांगला चित्रपट दाखवायचे ठरते. लॅपटॉप येतो, तार जोडली जाते, आणि पडद्यावर अक्षरे उमटतात : ‘नो सिग्नल’. मग ‘त्यातले कळणाऱ्या’ एका गृहस्थांचा शोध सुरू होतो. ते रजेवर असले तर चित्रपट रद्द! विद्यार्थी मित्रांनो, ज्या वर्गात विद्युतधारा, विभवांतर आणि वारंवारता हे शब्द रोज फळ्यावर लिहिले जातात, त्या वर्गाने एका तारेपुढे हात टेकावेत हे मला पटत नाही. त्याहून मला खटकते ते पुढचे. चित्र एकदाचे दिसू लागले की सारे टाळ्या वाजवतात; पण दिसणारे चित्र खरे आहे की नाही, हे कोणीच विचारत नाही.

आधी ती तार पाहू. एचडीएमआय नावाच्या या जोडणीचा पहिला आराखडा २००२ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाला. तिच्या टोकाला १९ पिना असतात. १९२० × १०८० चित्रबिंदूंचे एक चित्र घ्या. दर बिंदूच्या रंगासाठी २४ अंक, म्हणजे शून्य किंवा एक, आणि सेकंदाला ६० चित्रे. गुणाकार स्वतः करा. उत्तर सुमारे ३०० कोटी येईल. दर आठ अंक दहा करून पाठवायचे असतात आणि दोन ओळींच्या व दोन चित्रांच्या मध्ये थोडी मोकळी जागाही सोडायची असते. त्यामुळे प्रत्यक्षात सेकंदाला ४४५ कोटी अंक तीन जोडतारांतून धावतात. म्हणजे एका जोडीतून सुमारे १४८ कोटी. तारेतला संकेत प्रकाशाच्या साधारण दोनतृतीयांश वेगाने जातो असे धरले, तर एका अंकाची ‘लांबी’ १३ ते १४ सेंटिमीटर भरते. दीड हात लांबीच्या तारेत, दर जोडीत, एका क्षणी पाचसहाच अंक वाटेवर असतात! मला हा हिशेब फार आवडतो. प्रकाशाचा वेग इतका प्रचंड की तो घरात कुठे जाणवणार, असे म्हणणाऱ्यांना तो जरूर दाखवा.

पण चित्र निघण्यापूर्वी या तारेतून एक संभाषण होते. टीव्ही लॅपटॉपला स्वतःची ओळख सांगतो : मी इतक्या बिंदूंचा आहे, इतक्या वारंवारता मला चालतात. ही ओळख १२८ बाइटांच्या छोट्या तक्त्यांत लिहिलेली असते. ती वाचल्यावरच लॅपटॉप ठरवतो काय पाठवायचे. एखादी पिन नीट टेकली नाही किंवा टीव्हीवर भलताच ‘इनपुट’ निवडलेला असला, तर गाडी येथेच अडते. म्हणून तार काढून पुन्हा घट्ट लावणे हा अडाणी तोडगा मुळीच नाही. त्याने ओळख पुन्हा विचारली जाते. आवाज लॅपटॉपमधूनच येत राहिला, तर आवाजाचा मार्ग लॅपटॉपच्या मांडणीत बदलायचा, इतकेच.

कधी कधी पडद्यावर सारे दिसते आणि चित्रपटाची जागा मात्र काळी राहते. हे एचडीसीपी नावाचे कुलूप. चित्रपटाची कोणी नक्कल करू नये म्हणून तारेतला संकेत गुप्तलिपीत जातो, आणि वाटेतल्या प्रत्येक उपकरणाकडे त्याची किल्ली असावी लागते. एखादे स्वस्त जोडयंत्र किंवा जुना प्रक्षेपक मध्ये आला की कुलूप उघडत नाही. चित्रपट करणाऱ्यांना त्यांचा मोबदला मिळालाच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु रीतसर पैसे भरून बसलेल्या माणसाला कारण न सांगता काळा पडदा दाखवणारे कुलूप मला उद्धट वाटते. दोन शब्द लिहायला त्या यंत्राचे काय जाणार होते?

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. टीव्हीला लॅपटॉपकडून जे चित्र मिळते तेच तो दाखवतो, असा आपला समज असतो. अनेक संच कारखान्यातून येतात तसेच ठेवले, तर तसे घडत नाही. पहिली गोष्ट कडांची. जुन्या काचनळीच्या टीव्हीत चित्राच्या कडा वेड्यावाकड्या येत, म्हणून चित्र थोडे मोठे करून कडा चौकटीमागे दडवीत. काचनळी गेली, सवय राहिली. पुष्कळ टीव्ही अजूनही लॅपटॉपचे चित्र थोडे ताणून कडा कापतात. मग खालच्या पाट्या अर्ध्या दिसतात आणि अक्षरे पुसट होतात, कारण एका बिंदूचा एक बिंदू राहत नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी घेतात. टीव्ही ६० वेळा चित्र बदलतो. ६० ला २४ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून एक चौकट दोनदा, पुढची तीनदा अशी दाखवावी लागते आणि कॅमेरा संथ फिरत असताना चित्र किंचित अडखळते. (५० हर्ट्झची पद्धत असलेल्या देशांत, आणि आपण त्यांतलेच, चित्रपट २५ चौकटींनी पळवण्याचा प्रघात होता. १५० मिनिटांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपे आणि गाण्याची पट्टी थोडी चढे!) हे अडखळणे घालवण्यासाठी नवे टीव्ही काय करतात? दोन खऱ्या चौकटींच्या मध्ये अंदाजाने तयार केलेल्या चौकटी घुसवतात. गती गुळगुळीत दिसते. मात्र त्या चौकटी कॅमेऱ्याने कधी टिपलेल्याच नसतात.

चेंडूचे उदाहरण घ्या. तो सेकंदाला ५ मीटर वेगाने जमिनीवर आपटून जवळजवळ त्याच वेगाने उसळतो आहे. आपटण्याच्या १/४८ सेकंद आधी एक चौकट टिपली गेली, १/४८ सेकंद नंतर दुसरी. दोन्हींत चेंडू जमिनीपासून सुमारे १० सेंटिमीटर वर आहे. टीव्हीने यांची ‘मधली’ चौकट बनवली, तर चेंडू तेथेही १० सेंटिमीटरवरच! म्हणजे चेंडू जमिनीला न टेकताच उसळला. भौतिकशास्त्राच्या प्रयोगवहीत कोणी दोन निरीक्षणांच्या मध्ये मनाने तिसरे लिहिले, तर आम्ही त्याचे गुण कापतो. टीव्हीला मात्र हेच केल्याबद्दल जास्त किंमत देतो.

चित्रपटवाल्यांनाही हे रुचलेले नाही. टॉम क्रूझ या नटाने डिसेंबर २०१८ मध्ये एका ध्वनिचित्रफितीतून ही सोय बंद करा असे प्रेक्षकांना सांगितले, आणि २०१९ मध्ये टीव्ही उत्पादकांचाही समावेश असलेल्या एका संघटनेने ‘फिल्ममेकर मोड’ ही मांडणी जाहीर केली. तुमच्या संचात ती असेल तर वापरा. नसेल तर ‘मोशन’ हा शब्द असलेली सोय शोधून बंद करा. टीव्ही २४ हर्ट्झ स्वीकारीत असेल तर लॅपटॉपवर चित्रपटापुरती तीच वारंवारता ठेवा. मग प्रत्येक चौकटीला सारखा वेळ मिळतो. क्रिकेटचा सामना पाहताना काय करायचे ते तुमचे तुम्ही ठरवा, पण चित्रपटातून गती शिकवायची असेल तर ही सोय बंदच हवी.

शिक्षकबंधू-भगिनींना एक सूचना. जोडणी मुलांच्या हातून होऊ द्या. मात्र दोन्ही उपकरणे बंद करून. लॅपटॉपच्या धातूच्या कवचाला हात लावल्यावर मुंग्या येतात ना? पुरवठायंत्रातील लहान धारित्रातून अत्यल्प धारा झिरपते, आणि भूसंपर्क नसेल तर कवचावर मुख्य दाबाच्या निम्म्याच्या आसपास दाब येऊ शकतो. धारा एक मिलिअँपिअरहून कमी असल्याने सहसा इजा होत नाही, पण तार लावताना ठिणगी उडू शकते. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन खोबणीत जात नाही म्हणून कापून टाकण्याचा उद्योग शाळेत तरी होऊ नये.

चित्रपट लावण्यापूर्वी पाच मिनिटे काढा. लॅपटॉपवर पडद्याच्या अगदी कडेने एक बारीक चौकट आणि मध्ये एक मोठे वर्तुळ काढा. ते टीव्हीवर पाठवा. चौकटीच्या चारही बाजू दिसतात का पाहा. मग मोजपट्टीने वर्तुळाचा आडवा आणि उभा व्यास मोजा, आणि दोन्ही आकडे फळ्यावर लिहा.