घर आपलं, हिशेबही आपला

पडघ्यासारख्या गावात घराची दुरुस्ती निघाली की ठेकेदाराशी बोलणी पुरुष करतात. गहाण मात्र बाईचे दागिने पडतात. कागद काहीच नसतो. मग पैशांवरून तंटा होतो, ठेकेदार घराला कुलूप ठोकायची धमकी देतो. मैत्रिणींनो, तसा हक्क त्याला नाही. थकलेल्या पैशांसाठी त्याने ३ वर्षांच्या आत दिवाणी दावा करावा. काम निकृष्ट असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली आपणही २ वर्षांच्या आत ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करू शकतो. म्हणून दर, मुदत लिहून घ्या. पावती स्वतःच्या नावाने मागा. पण झालेल्या कामाचे पैसे अडवू नका. ते अडले की आधी चूल विझते ती घमेली वाहणाऱ्या बिगारी बाईची. तीही आपलीच!