पडशाचें प्रकरण

शिस्तीचा विषय निघाला कीं आम्हांस 'अपोलो-७' ची आठवण होते. ११ ऑक्टोबर १९६८ रोजीं अमेरिकेंत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरून शिरा (हें आडनांव आहे, पक्वान्न नव्हे), आयझली व कनिंगहॅम यांस घेऊन तें यान उडालें आणि पृथ्वीभोंवतीं १६३ प्रदक्षिणा करून २२ तारखेस समुद्रांत उतरलें. चंद्राकडे जावयाचें यान माणसांस सुखरूप सांभाळतें कीं नाहीं, एवढेंच पाहावयाचें होतें. परंतु १९६७ च्या जानेवारींत त्याच तळावर, जमिनीवरच्या सरावांत, यानाच्या कोठडींत आग लागून ग्रिसम, व्हाइट व चॅफी हे तिघे गेले होते. आंत शुद्ध प्राणवायु. दार आंतल्या बाजूस उघडणारें, तें दाबामुळें उघडेना. नव्या यानाचें दार बाहेर उघडणारें केलें व उड्डाणाच्या वेळच्या हवेंत नत्रवायु मिसळला. मुख्य इंजिन आठ वेळां चालविलें, आठहि वेळां चाललें.

मग बिनसलें कशानें? पडशानें! पहिल्याच दिवशीं शिरा यांस पडसें झालें. वजनच नाहीं तेथें नाकांतला कफ खालीं उतरत नाहीं. घरीं आपण सुंठीचा काढा घेऊन पांघरूण ओढतों. त्या बापड्यास ती सोय कोठली? शिरा चिडले. यानांतून चित्रें दाखविण्याचा पहिला कार्यक्रम त्यांनीं परस्पर पुढें ढकलला. शेवटीं उतरतांना शिरस्त्राण घालण्याची सूचना आली, तीहि त्यांनीं नाकारली. हवेचा दाब वाढतांना नाक दाबून कान मोकळे करतां आले नाहींत तर पडदे फाटतील, हें त्यांचें म्हणणें.

आम्हीं जन्मभर मुलांस आज्ञापालन शिकविलें. तरीहि पहिल्या बाबतींत आम्ही शिरा यांच्या बाजूचे आहों. तीन सहकारी गमावलेल्या कप्तानानें तपासणी आधीं व तमाशा मागाहून म्हटलें, तर त्यांत उद्धटपणा कसला? शिरस्त्राणाचें मात्र तसें नाहीं. फाटलेल्या पडद्यास औषध आहे. कोठडींतली हवा निसटली तर तिला नाहीं. १९७१ सालीं 'सोयूझ-११' मधून परततांना तीन सोव्हिएट अंतराळवीर हवा निसटूनच गेले. त्यांस तर दाबाचे पोशाखहि दिलेले नव्हते.

शिरा यांनीं निवृत्तीचा निश्चय आधींच केला होता. बाकीच्या दोघांसहि पुन्हां उड्डाण मिळालें नाहीं. तिघांस संस्थेचें श्रेष्ठ सेवापदक दिलें गेलें तें २००८ सालीं, आणि तेव्हां तिघांपैकीं हयात होते एकटे कनिंगहॅम.