वजन बाळाचं, कष्ट आईचे

बाळ जन्मलं की नातेवाइकांचा पहिला प्रश्न मुलगा की मुलगी, आणि दुसरा वजन किती. आकडा अडीच किलोच्या खाली गेला की चेहरे उतरतात. मग कुणीतरी बाळंतिणीलाच विचारतं, "नऊ महिने नीट खाल्लं नाहीस का गं?" या प्रश्नाचा मला मनापासून राग येतो. बाळाचं वजन काही नुसत्या नऊ महिन्यांत ठरत नाही, आणि ते एकट्या आईच्या हातात तर मुळीच नसतं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा अभ्यास केला. गरोदर राहण्याआधी या बायकांचं सरासरी वजन होतं जेमतेम ४२ किलो, उंची सुमारे १५२ सेंटिमीटर. दिवस भरून जन्मलेली त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. पण नुसतं वजन करून हे लोक थांबले नाहीत. खांद्याच्या फऱ्याखालची कातडी चिमट्यासारख्या उपकरणात धरून त्यांनी तिची जाडी मोजली. आपल्या बाळांचं पोट लहान, दंड बारीक, स्नायू कमी. चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला किडकिडीत, आतून मेदाळ. पुढच्या आयुष्यातल्या मधुमेहाची जोखीम अशा जन्मापासूनच सुरू होते, असं याज्ञिक सांगत आले आहेत.

आता आहार. आई एकूण किती उष्मांक आणि किती प्रथिनं खाते, याचा बाळाच्या आकाराशी फारसा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो पालेभाजी, फळं आणि दुधाशी. म्हणजे भाकरी वाढवून भागत नाही. आणि घरात या तीन गोष्टी सुनेच्या वाट्याला शेवटी येतात, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. दूध डेअरीला जातं, उरलेलं पोरांना आणि चहाला. त्यात 'जास्त खाल्लं तर बाळ मोठं होईल, बाळंतपण जड जाईल' अशी भीती घालणारे असतातच.

मुंबईच्या वस्त्यांमध्ये पुढे एक प्रयोग झाला. पालेभाजी, सुकामेवा आणि दुधाची भुकटी घातलेला खाऊ बायकांना गर्भधारणेच्या आधीपासून रोज दिला. ज्यांनी तो किमान तीन महिने आधी सुरू केला, त्यांच्या बाळांचं वजन थोडं वाढलं. मात्र ज्या बायका मुळातच फार कृश होत्या, त्यांच्या बाळांमध्ये ही वाढ दिसली नाही. मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत जास्त अस्वस्थ करते. वर्षानुवर्षांची उपासमार काही महिन्यांच्या खाऊने भरून निघत नाही. तिची सुरुवात त्या बाईच्या लहानपणी, तिच्या स्वतःच्या आईच्या घरात झालेली असते.

राहिले कष्ट. पुण्याच्याच अभ्यासात शेतातली आणि घरातली कामं जास्त करणाऱ्या बायकांची बाळं लहान भरली. हा परिणाम सुरुवातीच्या आणि मधल्या महिन्यांतल्या कामाचा होता. आपण मात्र सातव्या महिन्यात ओटी भरतो, हिरवी साडी नेसवतो, आणि 'आता जड उचलू नकोस' म्हणतो. ही काळजी त्याच्या कितीतरी आधी हवी असते, पोट अजून दिसतही नसतं तेव्हा. पाण्याचा हंडा आणि गवताचा भारा कोण उचलणार, हे नवऱ्याने आणि सासूने दिवस राहिल्याचं कळताच ठरवावं.