वरचा पाच खाली आला

मोबाइलवर गणिताची चिन्हं टंकताना आपण जो काय गोंधळ घालतो, त्याबद्दल बरेच दिवस लिहायचं मनात होतं. मी काही गणितातली जाणकार नाही. मराठी माध्यमातून बी.ए. झाले आणि शाळेत मिळेल तो विषय शिकवला, त्यात सातवीपर्यंतचं गणित बरीच वर्षं वाट्याला आलं. तेवढ्याच अधिकारावर हे लिहिते आहे.

साधी फुली घ्या. गुणाकारासाठी × असं वेगळं चिन्ह आहे, पण टंकताना बहुतेक जण इंग्रजी एक्स ठोकून मोकळे होतात. विल्यम ऑट्रेड या इंग्रज पाद्र्याने १६३१ सालच्या पुस्तकात ही फुली वापरली आणि पुढे ती रुळली. लायब्निझला मात्र ती खटकायची. ही एक्ससारखी दिसते, गल्लत होते, असं त्याने १६९८ साली योहान बर्नुलीला पत्रात कळवलं होतं. गंमत म्हणजे आमच्या पिढीला ही अडचणच नव्हती! आमच्या बीजगणितात क्ष आणि य असायचे. क्ष आणि फुली यांची गल्लत करणारा विद्यार्थी मी तरी पाहिला नाही.

वजाबाकीचंही तसंच. − हे वजाचिन्ह आणि शब्द जोडायची - ही बारकी रेघ, संगणकाच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जोडरेघ कधीकधी ओळीच्या शेवटी अडकून राहते, आकडा खालच्या ओळीत जातो आणि उणे पाच अंशाचे नुसते पाच अंश होतात. असो. एवढं माणूस संदर्भाने समजून घेतो.

घातांकाचं तसं नाही. तिथे संदर्भ हाताशी नसतो आणि चूक दिसतही नाही.

२०२० मध्ये शाळा बंद होत्या तेव्हा प्रश्नपत्रिका फोनवर यायच्या. शेजारची सातवीतली मुलगी तिचा पेपर घेऊन माझ्याकडे आली. प्रश्न होता, २५ × २३ = किती? तिने रीतसर गुणाकार करून ५७५ लिहिलं होतं. शिक्षकांनी चूक दिली होती, उत्तर म्हणे २५६. "आजी, माझं काय चुकलं?" मी दोनदा गुणून पाहिलं, ५७५ च. मग धडा कोणता चाललाय ते विचारलं. घातांक! म्हणजे मुळात दोनचा पाचवा घात गुणिले दोनचा तिसरा घात असणार. घातांकांची बेरीज आठ, दोनचा आठवा घात २५६. पेपर काढणाऱ्याने संगणकावर पाच आणि तीन व्यवस्थित वर चढवले असतील. तो मजकूर उचलून निरोपात चिकटवला आणि दोघेही खाली उतरले. लेकराचं गणित बरोबर होतं, दोन गुण मात्र गेले.

हे का होतं? संगणकावर आपण अंक निवडून वर चढवतो ती नुसती सजावट असते, ठळक किंवा तिरकं अक्षर करावं तशी. मजकूर दुसरीकडे नेला की सजावट बऱ्याचदा गळून पडते. पण घातांक ही सजावट नाही हो, तो अर्थ आहे! यावर उपाय म्हणजे जन्मतःच उंच असलेले अंक. युनिकोडमध्ये ते आहेत, पण इंग्रजी अंकांचे. हे पाहा: २⁵. खालचा दोन आपला, वरचा पाच पाहुणा. देवनागरीत असे अंक नाहीत. २००९ च्या युनिकोडमध्ये अक्षरांच्या डोक्यावर बसणारे देवनागरी अंक आले खरे, पण ते सामवेदाच्या स्वरांसाठी. सामगानाची सोय झाली याचा आनंदच आहे, सातवीच्या मुलांची राहिली.

भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात यावर साधी तोड वापरली होती. वर्गासाठी व, घनासाठी घ, करणीसाठी क, अज्ञातासाठी या. सगळी अक्षरंच, ओळीत बसणारी. ऋण संख्येवर मात्र ते टिंब देत, आणि नक्कल करताना ते टिंब किती वेळा सुटलं असेल कोण जाणे! आपल्या काळात डोनाल्ड क्नुथ या अमेरिकन प्राध्यापकानेही तोच मार्ग धरला. १९७७ साली स्वतःच्या पुस्तकाची मुद्रितं पाहून तो वैतागला आणि गणित छापण्यासाठी टेक ही प्रणाली लिहायला बसला. तिच्यात घात म्हणजे दोन, मग टोपीचं चिन्ह, मग पाच: २^५. टोपी हे अक्षरच असल्याने मजकूर कुठेही न्या, ती सोबत जाते.

तेव्हा पेपर काढणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांना सांगणं इतकंच की दिसायला सारखं चिन्ह दडपून देऊ नका. बऱ्याच फोनांवर चिन्हांच्या पानांत × ÷ √ असतात, जरा शोधा. घातासाठी टोपी वापरा, पण ती मुलांना आधी शिकवा. नाहीतर सरळ मराठीत 'दोनचा पाचवा घात' लिहा, आपली भाषा त्याला पुरेशी आहे. आणि पाठवण्याआधी तो निरोप एकदा स्वतःच्याच फोनवर उघडून वाचा. एवढंही जमत नसेल तर कागदावर हाताने ठळक लिहून फोटो पाठवा, फळ्यावर लिहायचो तसा.